मागच्या बाकावर कोण बसणार?

जयगडला कागदाचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. शास्त्री नदीच्या मुखावरचं हे बंदर. किल्ल्याखाली जेटी, पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट, अलीकडे १२०० मेगावॅटचा वीजप्रकल्प आणि कोळशाची जहाजं. ज्या घरातला माणूस बोटीवर असतो, त्या घरच्या कपाटात एक फाईल असते: पासपोर्ट, खलाशाची सीडीसी, एसटीसीडब्ल्यूची प्रशिक्षण-प्रमाणपत्रं, वैद्यकीय दाखला. त्यातल्या एका कागदाची मुदत संपली की माणूस कितीही कसलेला असो, किनाऱ्यावरच राहतो. अशा गावातली मुलगी 'मी परदेशात इंग्रजी शिकवायला जाईन' म्हणाली, तर घरचे आधी कारण विचारत नाहीत. विचारतात, कागद कुठला लागतो?

खालच्या संवादातली माणसं मी रचली आहेत. भाचीने रत्नागिरीत इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, पुढे बी.एड. केलं आणि आता ती एका खासगी क्लासमध्ये शिकवते. तिचे वडील बोटीवर. मामा जिल्हा परिषदेच्या शाळांमधून निवृत्त झालेला. पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा ते शिकवण्याची पाळी त्याच्यावरही आली होती. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, मत मात्र सहसा जुळत नाही. वाद काही मी रचलेला नाही. बी.एड. होऊन भरतीची वाट पाहणाऱ्या पुष्कळ घरांत तो चालू आहे.

मामा: चार आठवड्यांत शिक्षक करून देतात म्हणे. मला डी.एड.ला दोन वर्षं गेली, तुला बी.एड.ला दोन. आपण दोघं मंदच म्हणायचे!

भाची: शिक्षक करून देत नाहीत रे. परक्या भाषेच्या वर्गात उभं राहण्याइतकं तयार करतात. कोर्सचं नाव सेल्टा, प्रमाणपत्र केंब्रिजचं. किमान १२० तासांचं काम. चार लेखी स्वाध्याय, अनुभवी शिक्षकांचे सहा तास बघायचे आणि सहा तास स्वतः शिकवायचं. समोर खरे विद्यार्थी, मोठी माणसं, निदान दोन वेगवेगळ्या पातळ्यांची. प्रवेशाआधी मुलाखत होते आणि व्याकरणाचे प्रश्न सोडवून द्यावे लागतात. इंग्रजी कच्चं असेल तर पैसे घेऊनसुद्धा घेत नाहीत.

मामा: सहा तास म्हणजे आमच्या शाळेचा एक दिवस. तुम्हाला बी.एड.ला आता वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. वीस आठवडे कुठे आणि सहा तास कुठे?

भाची: काढले की वीस आठवडे. पाठ टाचणं लिहिली, उद्दिष्टांचे रकाने भरले, तक्ते रंगवले. निरीक्षण वहीत शेरा काय पडला? 'फलकलेखन सुबक, आवाज स्पष्ट, विद्यार्थी सहभाग चांगला.' माझा आख्खा पाठ बसून ऐकणारं माणूस मला बोटावर मोजण्याइतक्या वेळा भेटलं. तिकडे सहा तास असले तरी त्यातलं प्रत्येक मिनिट कुणीतरी मागे बसून बघत असतं. आणि पाठ उरकला की सगळे जमतात. प्रशिक्षक असतो, सोबतचे शिकाऊ असतात. कुठे तू फार बोललीस, कुठला विद्यार्थी सुरुवातीपासून गप्प होता, सूचना दिलीस ती कुणालाच का कळली नाही, सगळं तोंडावर. दुसऱ्या पाठात ती चूक पुन्हा दिसली तर तेही लिहून ठेवतात. नापास करतात, मामा.

मामा: फलकलेखनाला नावं ठेवू नकोस. पण मागच्या बाकाचं म्हणतेस ते खरं आहे. माझ्या शाळेत केंद्रप्रमुख यायचे. टाचणवही बघायचे, हजेरीपट बघायचे, पोषण आहाराची नोंदवही बघायचे. मी शिकवताना कसा आहे हे बघायला त्या बिचाऱ्यांना वेळच उरायचा नाही. नोंदवह्याच इतक्या.

भाची: मग? मला तोच वेळ विकत घ्यायचाय. प्रमाणपत्र त्याच्यासोबत येतं.

मामा: ते सहा तासांत असं काय सांगतात, जे आपल्याकडे वीस आठवड्यांत सांगत नाहीत?

भाची: समज, 'शी यूज्ड टू लिव्ह इन जयगड' हे वाक्य शिकवायचंय. आपण काय करतो? फळ्यावर नियम लिहितो, मराठीत अर्थ सांगतो आणि विचारतो, 'समजलं का?' वर्ग एका सुरात 'हो ऽऽ'. तिथे हा प्रश्न कुचकामी धरतात. त्याऐवजी विचारायचं: ती आता जयगडला राहते का? पूर्वी राहत होती का? एखादा दिवस राहिली, की बराच काळ? तीन सोपे प्रश्न, उत्तर एका-दोन शब्दांत. कुणाला काय कळलं नाही ते लगेच उघडं पडतं. असे प्रश्न टाचणातच लिहून न्यायचे. आणि मग फळा सोडून बाजूला व्हायचं. विद्यार्थ्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं, आपण कान देऊन फिरायचं.

मामा: चांगल्या शिक्षकाला हे आपसूक सुचतं.

भाची: सुचतं, पण किती वर्षांनी? आणि तोवर किती वर्ग त्याच्या हाताखालून गेलेले असतात? हा चार आठवड्यांचा प्रकार निघालाच मुळी अडचणीतून. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या जोडप्याने १९५३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबात इंग्रजीची शाळा काढली, पुढे लंडनला इंटरनॅशनल हाउस. इंग्रजी बोलणारी माणसं मिळत, पण वर्गात काय करायचं ते त्यांना ठाऊक नसे. म्हणून १९६२ मध्ये त्यांनी थोडक्या आठवड्यांचा, हात धरून शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. आजचा सेल्टा त्याच वेलावरचा.

मामा: आणि परवा मोबाइलवर दाखवलास तो? 'घरबसल्या १२० तास, मोठी सवलत, जगभर मान्यता.' त्यात मागच्या बाकावर कोण बसतं?

भाची: कुणीच नाही. व्हिडिओ बघायचे, पर्यायांवर टिचक्या मारायच्या, प्रमाणपत्र छापून घ्यायचं. त्या १२० आकड्याची सगळे नक्कल करतात, आतले सहा तास सोडून. टेफल म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवणं; या नावावर कुणाची मालकी नाही. कुणीही संस्था काढावी आणि तिला मान्यता देणारी दुसरी संस्थाही आपणच काढावी. सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्ट-टेसॉल, ही दोन प्रमाणपत्रं इंग्लंडच्या ऑफक्वल या नियामकाच्या चौकटीत पाचव्या पातळीवर नोंदलेली आहेत. शिकवण्याची अट दोन्हींत. ट्रिनिटीचं एक अंग तर तुला आवडेल. शिकायला आलेल्या शिक्षकांना तिथे एका संपूर्ण अनोळखी भाषेचे काही तास घ्यावे लागतात, त्याच भाषेतून. त्या तासांत स्वतःचं काय झालं त्याची वही लिहायची.

मामा: हे बाकी पटलं. जून २००० मध्ये सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणं दिली, गाणी दिली, तक्ते दिले. पण समोरच्या सहा वर्षांच्या पोराला त्या आवाजाच्या गलक्यात कसं वाटतं, ते आमच्यापैकी कुणी अनुभवलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी आम्हाला तासभर तमिळमधून शिकवायला हवं होतं. सगळे ताळ्यावर आले असते.

भाची: बघ, पटायला लागलं.

मामा: एवढ्यात नको हुरळू. कोर्स चांगला आहे हे मान्य. पण तुझ्या कपाळावर जन्मगाव जयगड लिहिलंय. तुला घेणार कोण? समज, मी व्हिएतनाममधल्या सायगावचा बाप आहे. पोराच्या इंग्रजीसाठी पोटाला चिमटा काढून पैसे भरतोय. मीही लंडनचीच बाई मागेन. पैसे मोजतो तर अस्सल माल घेईन.

भाची: तू एकटा नाहीस. सरकारंही तेच म्हणतात. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा जो व्हिसा आहे, ई-टू, तो सात देशांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनमध्ये परदेशी माणसाने आपली मातृभाषाच शिकवावी असा दंडक. म्हणजे इंग्रजीच्या बाबतीत पुन्हा त्याच मोजक्या देशांचे पासपोर्ट. तिथे सेल्टाला अव्वल श्रेणी मिळवलीस तरी दार बंद.

मामा: मग लाखाच्या वर रुपये घालून काय मिळवलंस?

भाची: सगळी दारं बंद नाहीत. व्हिएतनाममध्ये कायदा पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र मागतो, जन्मगावावरून दार बंद करत नाही. तिथले क्लासवाले बघतात, ते वेगळं. थायलंडच्या शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी लागते आणि इंग्रजी मातृभाषा नसेल तर परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. फिलिपिन्सचे शिक्षक तिथे मोठ्या संख्येने आहेत. आणि गंमत ऐक. कोरियाचंसुद्धा एक दार किलकिलं आहे. भारत आणि कोरियाचा व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. वाट अरुंद आहे, पण तिथे काय मागतात ठाऊक आहे? शिक्षकाची पात्रता. ज्या बी.एड.ला मी मघापासून नावं ठेवतेय, ती.

मामा: बघ! फलकलेखन कामाला आलं.

भाची: आलं. तेवढं मान्य करते. आखातातल्या सीबीएसईच्या भारतीय शाळाही बी.एड.च मागतात; सेल्टा असेल तर छान, नसेल तरी चालतं. पण ते काम निराळं. तिथे मुलं आपलीच, पुस्तक आपलंच. परक्या भाषेच्या वर्गात एक टॅक्सीवाला, एक नर्स आणि एक आजोबा शेजारी बसलेले असतात, आणि तिघांना तीन कारणांसाठी इंग्रजी हवं असतं.

मामा: म्हणजे आधी देश ठरवायचा, मग कोर्स. तुम्ही पोरं नेमकं उलटं करता.

भाची: करतात खरं.

मामा: पण माझा सायगावचा बाप राहिला. त्याचं काय चुकलं? पोहायला शिकायचं तर मी खाडीत वाढलेल्याकडेच जाणार ना?

भाची: खाडीत वाढलेल्याला विचार, तू पोहायला कसा शिकलास. तो म्हणेल, माहीत नाही, येतंच. मला इंग्रजी येतंच असं नाही, मी ते शिकलेय. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' असं का म्हणावंसं वाटतं, ते मला आतून ठाऊक आहे. मीच ते बोलत होते. १९६१ मध्ये युगांडातल्या मकरेरे इथे इंग्रजी अध्यापनाची एक परिषद भरली होती. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, शिक्षक जन्माने इंग्रजीभाषक असणं उत्तम, जितक्या लवकर सुरू करावं तितकं बरं, ही सूत्रं तिथून जगभर गेली. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ मध्ये पुस्तक लिहून ती एकेक करून भ्रम ठरवली. पण पुस्तकाने बाजार बदलत नाही.

मामा: भ्रमच कसे? जितकं लवकर तितकं बरं, यावर तर आमचं पहिलीचं इंग्रजी उभं आहे.

भाची: मग तूच सांग. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षं. किती मुलं अनोळखी माणसाशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलतात?

मामा: त्याला लवकर सुरू करणं कारण नाही. ज्यांच्याकडून सुरू केलं त्यांना तयार न करणं हे कारण. पण पासपोर्टाचं म्हणशील तर तुझ्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन. अमेरिकन बाई, भाषाशास्त्राच्या. मराठी शिकल्या, जाई निंबकरांबरोबर मराठीचं संदर्भ-व्याकरण लिहिलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणच्या वस्तीतल्या मुलांना मराठी वाचायला कसं शिकवावं ते उभं करून दाखवलं. प्रगत शिक्षण संस्थेतलं त्यांचं काम आम्ही शिक्षकांनी वाचलंय. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की बाईंचा जन्म सदाशिव पेठेतला नाही. त्याआधी इंग्रज अधिकारी मेजर कँडी तर आपल्याच पंडितांची मराठी पाठ्यपुस्तकं तपासायचे.

भाची: हे तूच म्हणतोस, आणि मघाशी मला अस्सल माल दाखवत होतास!

मामा: मी बापाचं म्हणणं सांगत होतो. माझं नव्हे. बाप चुकतो, पण पैसे त्याच्या खिशात असतात. तुझ्या विद्वानांनी हे विसरू नये.

भाची: तुला लांब जायला नको. बंदरात जहाज आत घेताना रेडिओवर काय चालतं ते बाबा सांगतात. कप्तान युक्रेनचा, खलाशी फिलिपिन्सचे, बंदरावरचा माणूस आपला. जन्माने इंग्रजीभाषक कुणीच नाही, आणि एक शब्द चुकला तर जहाज वाळूवर. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरीव वाक्यं मंजूर केली. एकशे पन्नास म्हणायचं तर 'वन-फाइव्ह-झीरो', एकेक आकडा सुटा. कारण फिफ्टीन आणि फिफ्टी यांची गल्लत होते. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. इथे उच्चार लंडनचा आहे का, असं कुणी विचारत नाही. कळला का, एवढंच विचारतात. जगात इंग्रजीचा बराचसा वापर हा असाच आहे, परक्याने परक्याशी. मग शिकवणारा परका असला तर बिघडलं कुठे?

मामा: बिघडलं नाही. पण जहाजावर इंग्रजी कामापुरतं. त्यात विनोद करता येत नाही, भांडता येत नाही. तुझ्या त्या नर्सला वरिष्ठाशी भांडायचं असेल तर?

भाची: तर ती मला विचारेल, आणि मी सांगू शकेन. कारण मीही भांडायला परक्या भाषेतच शिकलेय.

मामा: बरं. आता माझा खरा मुद्दा ऐक. तो कोर्सचा नाही, पासपोर्टाचाही नाही. कोकणाने मुंबईच्या गिरण्यांना माणसं दिली, बोटींना दिली, आखाताला दिली. घरं उभी राहिली, पण गावात राहिले म्हातारे. कितीतरी शाळांची पटसंख्या वीसच्या आत आली. आता शिकवणारेही जायला निघाले. वर्षानुवर्षं मनिऑर्डरींवर चाललेल्या या जिल्ह्यात इंग्रजी नीट शिकवणारं माणूस तयार होतंय, आणि ते शिकवणार व्हिएतनामच्या पोरांना?

भाची: इथे मला कोण घेतंय? शिक्षक पात्रता परीक्षा दे, मग अभियोग्यता चाचणी दे, पवित्र पोर्टलवर नाव टाक आणि जाहिरातीची वाट बघ. मिळालंच तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन २०२३ पासून वाढलं म्हणतात; वाढून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,०००. तेही मिळालं तर.

मामा: तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागते. तिकडे वर्षाचा करार, पुढच्या वर्षी 'थँक यू'. म्हातारपणी कोण पोसणार?

भाची: मामा, तुझी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांची. ती आमच्यासाठी राहिलेली नाही. तू जुन्या नियमाच्या सावलीत बसून मला ऊन किती चांगलं ते सांगतोस.

मामा: लागलं ते. पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही. तू गेलीस तर इथली पोरं कुणाची?

भाची: मी राहिले तरी ती माझी नाहीत, कारण मला वर्ग नाही. मी क्लासमध्ये ज्यांना शिकवते, त्यांचे आईवडील फी भरू शकतात. तू म्हणतोस ती पोरं तिथे येतच नाहीत.

मामा: मग इथलंच शिक्षण घे. हैदराबादला १९५८ मध्ये केंद्र सरकारने इंग्रजी अध्यापनाची संस्था काढली, ती आज इफ्लू, केंद्रीय विद्यापीठ. तिचा इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आपल्याकडच्या किती प्राध्यापकांनी केला आहे. इग्नूचा दूरशिक्षणातला आहे. फी सेल्टाच्या मानाने काहीच नाही. बरं, परदेशी लोकच सगळं शोधतात असंही नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक प्रभू यांनी बंगळूर प्रकल्प केला, १९७९ ते १९८४. आपल्याच दक्षिणेतल्या साध्या शाळांत. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना काम द्यायचं, म्हणजे नकाशावरून वाट शोधा, गाड्यांच्या वेळापत्रकावरून गणित सोडवा, आणि भाषा त्या ओघात येऊ द्यायची. आज तुझे ते लंडनवाले कामावर आधारित अध्यापन म्हणून जे शिकवतात, त्यात प्रभूंचं नाव आधी घ्यावं लागतं.

भाची: माझ्या वाचनाच्या यादीत आहेत प्रभू. आणि इफ्लूला माझा विरोध नाही. भाषा कशी शिकली जाते याचा विचार तिथे सेल्टापेक्षा खोल होतो. सेल्टा त्या बाबतीत उथळच आहे. काय करायचं ते सांगतो, का करायचं ते घाईत. पण व्हिएतनामच्या क्लासवाल्याला इफ्लू कळत नाही. त्याच्या जाहिरातीत दोन-तीन नावं असतात, त्यातलं एक माझ्या कागदावर हवं. तू म्हणालास ना, पैसे बापाच्या खिशात असतात?

मामा: माझंच माझ्यावर उलटवतेस.

भाची: तुझ्याकडूनच शिकले. आणि मी गेले म्हणजे कायमची गेले, असं का धरतोस? बाबा नऊ महिने जातात आणि येतात.

मामा: परत येण्याची वचनं या गावाने पुष्कळ ऐकली आहेत. तू देऊ नकोस, मी मागत नाही.

भाची: देत नाहीच. एवढंच सांगते, आले तर रिकाम्या हाताने येणार नाही. आणि नाही आले तरी एक गोष्ट इथे माझ्याशिवायही करता येईल. २०१६ ते २०१९ या काळात राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी काही जिल्ह्यांत तेजस नावाचा उपक्रम चालवला. त्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे छोटे गट नेमाने जमत, आपल्या वर्गात काय केलं ते एकमेकांना सांगत, नवं काही करून बघत. त्याला लंडनचा माणूस लागत नाही. खोली लागते आणि जमण्याची सवय लागते.

मामा: प्रकल्प संपतो, सवय राहत नाही. असो. आता व्यवहाराचं बोल. बोटीच्या नोकरीत एजंटांनी फसवलेली पोरं मी पाहिली आहेत. पैसे घेऊन कोर्स, कोर्स झाल्यावर नोकरीची हमी, मग फोन बंद. तुझ्या या धंद्यात कोण काय हमी देतं?

भाची: चांगला कोर्स नोकरीची हमी देत नाही, हीच पहिली खूण. जो देतो त्याच्यापासून लांब राहायचं. दुसरं, 'आधी पर्यटक व्हिसावर या, कामाचा परवाना मग काढू' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणायचं. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली नेऊन म्यानमार, कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर माणसं डांबल्याची प्रकरणं झालीत. २०२२ पासून आपलं परराष्ट्र मंत्रालय पुन्हापुन्हा सावध करतंय. तिसरं, करारपत्र आधी हातात हवं: पगार, तास, राहायची सोय, परवान्याचा खर्च कोणाचा. मग माझे कागद. पदवीची पडताळणी, देशाप्रमाणे अपोस्टिल किंवा दूतावासाचा शिक्का, आणि पासपोर्ट कार्यालयातून पोलीस दाखला. बाबांच्या फाईलसारखीच फाईल.

मामा: आणि तो सेल्टा इथून ऑनलाइनही होतो म्हणालीस. २०२० पासून ना?

भाची: हो, साथीत त्यांनी सेल्टा पूर्ण ऑनलाइन केला आणि पुढे तो तसाही चालू ठेवला. शिकवायचंही पडद्यावर, पण विद्यार्थी खरे आणि बघणाराही खरा. खर्च आणि राहणं वाचतं. पण मला समोरासमोरचाच करायचाय. पडद्यावरचा विद्यार्थी कंटाळला तर कॅमेरा बंद करतो. वर्गातला कंटाळला तर तुमच्याकडे बघत राहतो. ते बघणं सोसायची सवय मला व्हायला हवी.

मामा: म्हणजे क्रम असा लागतो. आधी देश, त्याचा कायदा. मग स्वतःच्या इंग्रजीची परीक्षा, खोटी भीड न ठेवता. मग कोर्स, तोही जिथे वर्ग दिसतो तो. आणि एजंट शेवटी, लागलाच तर.

भाची: आणि बी.एड.चा कागद फेकून द्यायचा नाही.

मामा: ते तू स्वतः म्हणालीस, मी काही बोललो नाही. आता पैसे भरण्याआधी त्या कोर्सवाल्यांना एकच विचार. माझा तास कोण बघणार, किती वेळा बघणार आणि नंतर मला काय सांगणार? उत्तर गोल आलं तर तिथल्या तिथे फोन ठेव.

भाची: विचारते. पण मामा, हाच प्रश्न इथल्या शाळांबद्दल कोण विचारणार?

मामा: मी विचारतो. निवृत्त माणसाला बदलीची भीती नसते.